दारघरातली ऑलिव्ह

विदरकोमच्या चर्चमध्ये शिरलात की डाव्या हाताला, ओल्या छत्र्या ठेवायच्या पिंपाशेजारी, टेबलावर पिवळ्या पुठ्ठ्याची एक पुस्तिका असते. 'विदरकोम : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं.' घेतली असेल तर तिचं नववं पान फाडून टाका. हे मी हक्कानं सांगते, कारण ती पुस्तिका मीच लिहिली आहे. बाकीची पानं ठीक आहेत. घंटेचं वजन बरोबर आहे. चर्चच्या अंगणातल्या यूच्या झाडाचा घेर मी मुलांना हातात हात धरायला लावून स्वतः मोजला आहे. पुलाची मधली कमान पुरात वाहून गेली आणि पुन्हा बांधली, तेही खरं. नववं पान मात्र लबाडी आहे, आणि ती चुकून झालेली नाही.

नवव्या पानावर दारघर आहे. पुलाच्या अलीकडचं ते गवती छपराचं, कंबरेत वाकलेलं घर. त्याचं दार मधोमध आडवं कापलेलं आहे. वरचा अर्धा भाग उघडतो, खालचा बंद राहतो. त्याचे नियम चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर काळ्या फळीवर सोनेरी अक्षरांत रंगवलेत, आणि आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते धडाधडा म्हणून दाखवेल. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वरचं दार उघडं राहील. पायी आलेल्या कुणीही "दार उघडं आहे का?" असं विचारलं, तर घरातली बाई "उघडं आहे, आणि पाव आहे," असं म्हणेल आणि त्याला पावाचा तुकडा आणि बिअरचा पेला देईल. नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही. एक जरी वाटसरू उपाशी परत गेला, तर घर आणि मागचं शेत जहागीरदाराकडे परत जाईल. फळीवर साल घातलंय सतराशे चौऱ्याण्णव. मूळ दान त्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं, लेडी अ‍ॅव्हिस नावाच्या एका विधवेचं.

ऑलिव्ह ट्रेव्हेट त्या दारात एकोणिसाव्या वर्षी उभी राहिली आणि सदुसष्टाव्या वर्षापर्यंत उभी होती.

आधी तिची चॅरिटी आत्या दार सांभाळायची. ती गेली त्याच हिवाळ्यात ऑलिव्हचा बाप खाणीत दगडाखाली सापडून मेला. घरात दम्यानं घरघरणारी आई, अकरा वर्षांची धाकटी बहीण रूथ, आणि डोक्यावर छप्पर नाही. दानाचे पंच आले आणि म्हणाले, दार घेतेस का? घर फुकट, पाव फुकट. ऑलिव्ह म्हणाली, "एक हिवाळा घेते." तो हिवाळा एकोणीसशे तेहतीसचा.

मी विदरकोमला आले एकोणपन्नास साली, शाळेची मास्तरीण म्हणून. बस चुकली होती. तीन मैल चिखल तुडवत, हातात पेटी घेऊन, पुलापाशी पोचले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. अर्ध्या दारातून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई माझ्याकडे बघत होती. समोर पाव, शेजारी सुरी. मी आशेनं बघत राहिले, ती हलेना.

"विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"दार उघडं आहे का, असं विचारा. मागितल्याशिवाय देता येत नाही. नियम आहे."

दार तर सताड उघडं होतं! पण मी मुकाट्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं, जाड तुकडा कापून दिला आणि म्हणाली, "नवीन मास्तरीणबाई ना तुम्ही? नाव विचारलं नाही हं मी, पेटीवर लिहिलंय." तेव्हापासून आमची मैत्री. ती मला शेवटपर्यंत 'बाई' म्हणाली, आणि मी तिला सरळ 'ऑलिव्ह'.

आता तुम्हाला वाटेल, बिचारी गरीब गाय. अहो, कसली गाय! तिच्या जिभेला सुरीपेक्षा धार होती. एकदा सायकलवाल्यांचं टोळकं आलं. त्यातला एक शहाणा म्हणाला, "पाव ताजा आहे ना, मावशी?" ऑलिव्ह म्हणाली, "पाव ताजा आहे, पण तू सायकलवर आलायस. नियम पायी येणाऱ्याचा. ती सायकल पुलापलीकडे ठेव आणि चालत ये. आणि येताना मावशी हा शब्दही तिकडेच ठेव." गेले की हो सगळे मुकाट, आणि चालत आले.

पण दार म्हणजे दार. सूर्य वर आहे तोवर तिला पुलापलीकडे जाता यायचं नाही. पोस्टात जायचं तर अंधार पडल्यावर, तेव्हा पोस्ट बंद. चर्चला जाणं नाही, जत्रेला नाही. आईला पुरलं तेव्हा ती दारातूनच बघत होती, यूच्या झाडामुळे अर्धंच दिसलं. सगळं गाव उन्हाळ्याची वाट बघायचं आणि ऑलिव्ह डिसेंबरची. डिसेंबरात चार वाजताच सूर्य मावळतो. मग ती कोट चढवायची, कंदील घ्यायची आणि कुत्रं साखळीतून सुटावं तशी तरातरा निघायची. पूल, गिरणी, टेकडीचा पायथा, आणि परत. जूनमध्ये तिचा चेहरा बघवायचा नाही. साडेनऊपर्यंत उजेड! ती मला म्हणायची, "बाई, देवानं एवढा सूर्य एकाच देशाला का द्यावा?"

जूनबद्दल तिला राग असायला आणखी एक कारण होतं. ते तिनं मला कणीक मळता मळता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. छत्तीस साली रूबेन हॅलेट नावाचा माणूस कुंपणं बांधायच्या कामाला आला होता. रोज दुपारी दाराशी यायचा, विचारायचा, पाव खायचा. तीन महिने. मग त्याला कॅनडाला काम मिळालं. शेवटच्या दिवशी आला आणि विचारलं, "दार उघडं आहे का?"

"उघडं आहे, आणि पाव आहे," ही म्हणाली.

"पाव नको. तू बाहेर ये. माझ्याबरोबर चल."

"मी काय म्हटलं, ठाऊक आहे?" कणकेवर मूठ हाणत ऑलिव्ह म्हणाली. "म्हटलं, सूर्य मावळू दे, मग बोलू. आई आतून ऐकत होती, तिच्या छातीचा आवाज येत होता. आणि महिना कुठला, तर जून. तो पुलाच्या कठड्यावर बसून राहिला. त्याची गाडी दहाची, स्टेशन तीन मैल. नऊपर्यंत थांबला बिचारा. मग उठला, टोपी हलवली आणि गेला. अर्ध्या तासानं सूर्य मावळला." मला रडू आलं. ती म्हणाली, "अहो बाई, डोळे पुसा, कणकेत पाणी नको."

मी दर ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी लागली की फिरायला जायचे. वेल्सचे डोंगर, स्कॉटलंडची बेटं, पुढे फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा. जाईन तिथून ऑलिव्हला चित्राचं कार्ड पाठवायचे. तिनं ती सगळी कार्डं खालच्या अर्ध्या दाराला आतून टाचणीनं लावली होती, गुडघ्याच्या उंचीवर, बाहेरच्याला दिसणार नाहीत अशी. बहुतेक समुद्राची. वेमथचा समुद्र आमच्या गावापासून सव्वीस मैल, पण तिनं तो पाहिलेला नव्हता. लहानपणी रविवारच्या शाळेची सहल गेली तेव्हा तिला गोवर आला होता. आणि रूथ मोठी झाली, तिनं वेमथच्याच एका रेल्वे हमालाशी लग्न केलं आणि समुद्रासमोरच्या खोलीत राहायला गेली. ती महिन्यातून एका रविवारी यायची, पिशवीतून शिंपले आणायची. दोघी बहिणी अर्ध्या दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून हसायच्या. रूथ सोडून ऑलिव्हचं सख्खं असं जगात कुणी नव्हतं.

आता माझ्या पापाकडे येते.

सत्त्याहत्तर साली राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली. गावोगाव झेंडे, पताका. आपल्या गावाचा इतिहास छापायचा असं पंचांनी ठरवलं, आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. चर्चच्या कपाटामागे ओकची एक जुनी पेटी आहे, तिला तीन कुलपं. एक किल्ली पाद्रीबाबांकडे, दुसरी मेजर स्टॅनिफोर्डांकडे, तिसरी कुठल्या तरी पिढीत हरवलेली. लोहार आणून ते कुलूप तोडलं. तळाशी लेडी अ‍ॅव्हिसचं मूळ दानपत्र निघालं, कातड्यावर लिहिलेलं. जुनं अक्षर लावायला मला अकरा दिवस लागले. पेटी उघडली नसती तर बरं झालं असतं, असं मला दहाव्या दिवशी वाटलं.

गावात सांगतात की लेडी अ‍ॅव्हिस फार दयाळू होती, पुलापाशी दगडावर बसली असताना तिला गोरगरिबांची कणव आली, म्हणून तिनं दान दिलं. तो दगड अजून आहे, त्यावर बसून लोक फोटो काढतात. दानपत्रात वेगळंच होतं. तिचा मुलगा थंडीच्या दिवसांत या वाटेनं येत होता. चोरांनी घोडा नेला, कोट नेला. तो विदरकोममध्ये आला आणि प्रत्येक दार ठोठावलं. चाळीस घरं. साथीचे दिवस, कुणी दार उघडलं नाही. सकाळी तो पुलापाशी, त्या दगडाला टेकून मेलेला सापडला. आईनं घर आणि शेत विकत घेतलं आणि गावाला शिक्षा दिली. घरातली बाई फक्त पाव भाजेल. दारात उभं राहण्याची पाळी गावातल्या प्रत्येक घराची, एकेक दिवस, क्रमानं, कायमची. ज्या ज्या घरानं दार उघडलं नाही, त्या त्या घराला दारात उभं राहावं लागेल.

आणि सतराशे चौऱ्याण्णवात फळी रंगवताना ते एक वाक्य गाळलं. कुणी गाळलं, कोण जाणे! गावाला लाज वाटली असेल किंवा कंटाळा आला असेल. बहुधा दोन्ही.

मी दानपत्राची नक्कल घेऊन पंचांसमोर गेले. पंच तिघं. मेजर स्टॅनिफोर्ड, पाद्रीबाबा, आणि हर्बर्ट गॅपर. हा गॅपर दारघराचं शेत कसायचा, गव्हाचं नि जवाचं बघायचा, आणि उरलेलं घरी न्यायचा.

मेजरांनी चष्मा काढला. "बाई, हे छापायचं म्हणता?"

"इतिहास आहे, मेजरसाहेब."

"इतिहास आहे हो. पण नेमका याच वर्षी? बाहेर पताका लागल्यात, आणि आत लिहायचं की आमच्या वाडवडलांनी एका पोराला दारात मरू दिलं?"

"आणि ती पाळी?" गॅपर मध्येच म्हणाला. "आज बावन्न घरं आहेत गावात. ऐन कापणीत माझी पाळी आली तर? कापणी टाकून पाव वाटत उभा राहू? हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायचे धंदे मला सांगू नका."

पाद्रीबाबांनी हळूच विचारलं, "ऑलिव्हची काही तक्रार आहे का?"

"तिची कधीच तक्रार नसते," मी म्हणाले.

"मग झालं तर!"

मेजर माझ्याकडे बघत होते. "तुम्ही राहता ते शाळेचं घरही बावन्नांत येतं, नाही का, बाई?"

अहो, कबूल करायला काय जातंय आता! मी मनात भागाकार केला. बावन्न घरं, म्हणजे वर्षातून सात पाळ्या. एखादी नक्की ऑगस्टात येणार. माझं ब्रिटनीचं तिकीट काढून झालं होतं. बस, एवढंच. कुणी मला धमकावलं नाही, कुणी हातापाया पडलं नाही. मी म्हणाले, "ठीक आहे, वगळते." आणि नवव्या पानावर दयाळू लेडी अ‍ॅव्हिस लिहिली, आणि तिच्याखाली ऑलिव्हचा दारातला हसरा फोटो छापला. फोटोखाली ओळ माझीच आहे : 'परंपरेची आनंदी राखणदार.' हात झडला कसा नाही माझा!

एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात रूथ आजारी पडली. वेमथच्या इस्पितळात. भेटायची वेळ दुपारी दोन ते चार. आमच्या गावातून दिवसाला एकच बस, सकाळी साडेआठला जाते, संध्याकाळी साडेपाचला येते. ऑलिव्हनं पंचांना निरोप पाठवला. दिवसा तिला त्यांच्याकडे जाता येईना, म्हणून तेच आले आणि अर्ध्या दारासमोर रांगेनं उभे राहिले. मी चिटणीस, मागे वही घेऊन.

"एकच दिवस द्या," ऑलिव्ह म्हणाली. मी तिला बत्तीस वर्षं ओळखत होते, पण तिला काही मागताना पहिल्यांदाच पाहत होते. "पुढचा गुरुवार. बाई उभ्या राहतील माझ्या जागी."

"फळीवर 'घरातली बाई' असं लिहिलंय, ऑलिव्ह," मेजर म्हणाले. "जहागीर आता लंडनच्या कंपनीनं घेतलीय. त्यांचा माणूस टपूनच बसलाय, कधी चूक होते आणि कधी घर घेतो. मी नियम केलेले नाहीत."

"नोव्हेंबरात कोण कडमडायला येतंय म्हणा," गॅपर म्हणाला. "पण आलाच एखादा, तर?"

पाद्रीबाबा म्हणाले, "रूथलाच इकडे आणता येणार नाही का?"

"तिला नळ्या लावल्यात, पाद्रीबाबा. नळ्यांसकट आणू की नळ्या तिथेच ठेवू?"

मग ती त्या तिघांच्या खांद्यांवरून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही तर ते सगळे जुने कागद वाचलेत. त्यात काही नाही का? एखाद्या दिवसाची सूट, काही?"

मेजर वळून माझ्याकडे बघायला लागले. गॅपर आपल्या बुटांकडे.

मी म्हणाले, "फळीवर आहे तेवढंच, ऑलिव्ह."

तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, हो. मी मास्तरीण ना! पंच गेले, मी मूग गिळून घरी आले. पुढचे अठरा दिवस मी दारघरावरून जाताना मान खाली घालायचे. ऑलिव्ह रोज संध्याकाळी शाळेच्या घरी येऊन इस्पितळात फोन करायची. फोनवर परिचारिका असायची, रूथ नसायची. ती फोन ठेवायची आणि विचारायची, "वेमथला आपल्यापेक्षा उशिरा मावळतो का हो सूर्य?" मी भूगोल शिकवायचे, मला उत्तर ठाऊक होतं, मी दिलं. दुसरं उत्तर, दानपत्रातलं, मात्र दिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. रूथचा नवरा, पर्सी. रूथ पहाटे गेली होती. तो रडत म्हणाला, "शेवटी दोनदा विचारलं तिनं. सूर्य मावळला का, सूर्य मावळला का. मावळल्यावर ऑलिव्ह सुटते ना."

मी तशीच निघाले. कोट घातला की नाही आठवत नाही. मी पोचले आणि तेवढ्यात ऑलिव्हनं वरचं दार उघडलं. टेकडीवर सूर्याची कड दिसत होती. माझं तोंड पाहून तिला कळलं. ती टेबलाला धरून उभी राहिली. मी पर्सीचे शब्द सांगितले. आणि मग, त्याच श्वासात, दानपत्राचंही सांगून टाकलं. मुलगा, चाळीस दारं, दगड, पाळी, सगळं. थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते.

"केव्हा वाचलंत?" तिनं विचारलं.

"चार वर्षं झाली."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. देऊ दे, म्हटलं, दे. पण तिनं पाव पुढे ओढला आणि सुरी घेतली.

"मागा," ती म्हणाली.

"ऑलिव्ह, मला नको..."

"मागा, बाई. मागितल्याशिवाय देता येत नाही."

मी विचारलं, "दार उघडं आहे का?"

"उघडं आहे, आणि पाव आहे."

तिनं तुकडा दिला. मी खाल्ला. मी गिळत होते आणि रडत होते, आणि ती उभी राहून बघत होती. शेवटचा घास संपल्यावर ती म्हणाली, "आज कुठल्या घराची पाळी?"

मी हातावरचे पावाचे कण झटकले.

"अठ्ठेचाळीस वर्षं मी सगळ्यांच्या पाळ्या केल्या. आज कुठल्या घराची?"

"शाळेच्या," मी म्हणाले.

तिनं खालच्या दाराची कडी काढली. ती बाहेर आली, मी आत गेले. तिनं स्वतःचा एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला आणि मागे घट्ट गाठ मारली. "दुसरा पाव वीस मिनिटांनी काढा. बिअर अर्धाच पेला द्या, पूर्ण दिला की पुलावरून पडतात." मग कोट घेतला आणि साडेआठच्या बससाठी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. ड्रायव्हरचं तोंड उघडंच राहिलेलं मला इथून दिसलं. "ऑलिव्ह? उजेडात?" एवढं ऐकू आलं. तिनं काय उत्तर दिलं ते नाही ऐकू आलं.

त्या दिवशी शाळा भरली नाही. मी दिवसभर दारात उभी होते. दाराच्या आतल्या फरशीला दोन खळगे पडलेत, किती बायकांच्या पायांनी कोण जाणे. त्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून दानपत्र वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मेजर उठून गेले. बाकीचं गाव मान खाली घालून बसलं, काही बायका रडल्या. लगेच बावन्न घरांची यादी झाली. सुरेख अक्षरात लिहून फळीखाली टांगली. पहिल्या फेरीला काय उत्साह! लोक स्वच्छ कपडे घालून दारात उभे राहायचे, नातेवाइकांना बोलावून फोटो काढायचे. गॅपरसुद्धा उभा राहिला, तोंड वाकडं करून का होईना. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, गावाला अक्कल आली.

दुसऱ्या फेरीत सुरू झालं. "बाई, माझी मंगळवारची पाळी तेवढी बघाल का? दातांच्या डॉक्टरकडे जायचंय." "बाई, तुम्ही तर जवळच राहता." "बाई, तुमचा हात बसलाय आता." मी नाही कसं म्हणणार? कुठल्या तोंडानं? त्र्याऐंशीला मुलं कमी म्हणून शाळा बंद झाली, शाळेचं घर विकलं गेलं. मला घर नव्हतं आणि दारघरात बाई नव्हती. पंच आले, नवे पंच, चांगली तरुण माणसं, आणि गोड बोलून म्हणाले, दार घेता का, बाई? मी म्हणाले, एक हिवाळा घेते.

यादी अजून टांगलेली आहे, उन्हानं अक्षरं उडालीत. पुस्तिका सत्त्याहत्तर साली पाचशे छापल्या होत्या, त्या संपल्या नाहीत, म्हणून नवी काढायची नाही असं ठरलं. म्हणून सांगते, नववं पान फाडा. फाडून मला आणून द्या, मी भट्टीत घालते. पूल उतरलात की डाव्या हाताला. सूर्य वर असेपर्यंत मी कुठे जात नाही.

ऑलिव्ह परत आली नाही. ती वेमथला रूथच्या खोलीत राहते, पर्सीला जेवायला घालते, त्याच्याशी भांडते. शहात्तर वर्षांची आहे. दर ऑगस्टात तिचं चित्राचं कार्ड येतं, समुद्राचं. मी ते खालच्या दाराला आतून लावते, माझ्याच जुन्या कार्डांच्या शेजारी. पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, 'भरती ओहोटी दोन्ही पाहिली. पाणी फार गार आहे.' यंदाच्या कार्डावर, 'काल दुपारी दोन वाजता बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं, कुणी काही म्हणालं नाही.' आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी एकच ओळ असते, नऊ वर्षं तीच : 'आज कुठल्या घराची पाळी?'

मी दर वेळी उलट टपाली उत्तर पाठवते. शाळेच्या, असं लिहिते.